चेंडूला परतीची वाट

गोल्फच्या सराव मैदानावर आलेला खेळाडू यंत्राखाली टोपली ठेवतो, कळ दाबतो आणि पन्नास चेंडू मोजून खाली पडावेत एवढीच त्याची अपेक्षा असते. हे काम बाहेरून इतके साधे दिसते की त्यावर कोणी वर्षभर विचार करत बसेल असे कुणालाही वाटणार नाही. मलाही ते वाटले नव्हते. एका सराव मैदानावरचे जुने यंत्र वरचेवर अडकत असे आणि ते दुरुस्त करून देण्याचे मी कबूल केले. दुरुस्ती करता करता लक्षात आले की बिघाड कोणत्याही एका भागात नसून यंत्राच्या मूळ कल्पनेतच आहे. मग नवे यंत्र करायला घेतले, त्याचे दोन नमुने मोडीत काढले आणि तिसऱ्या नमुन्यापाशी आल्यावर जे समजले ते इथे सविस्तर मांडतो आहे.

आधी चेंडूविषयी लिहितो, कारण यंत्राची सगळी मापे त्याच्यापासून निघतात. खेळाच्या नियमांप्रमाणे गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मि.मी.पेक्षा कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. व्यासाला वरची मर्यादा नाही आणि वजनाला खालची नाही. १९९० पर्यंत आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या नियमांखाली ४१.१५ मि.मी. व्यासाचा लहान चेंडूही चालत असे आणि जुन्या साठ्यात असा एखादा चेंडू अजूनही निघू शकतो. पाण्यावर मारण्याच्या सरावासाठी तरंगणारे चेंडू वापरतात. चेंडूचे घनफळ सुमारे ४०.७ घन सें.मी. असल्यामुळे तरंगण्यासाठी त्याचे वजन ४०.७ ग्रॅमहून कमी असावेच लागते. म्हणजे यंत्रापुढे येणारा ‘गोल्फचा चेंडू’ ही एकच ठरलेली वस्तू नसते. त्यात सरावाच्या चेंडूंना दिवसातून कित्येक फटके बसतात, त्यांचे आवरण घासते, चिरते, कधी त्याचा तुकडा उडतो. ते धुऊन येतात तेव्हा ओले असतात आणि न धुता येतात तेव्हा चिखलाचे असतात. त्यांच्याबरोबर गवताच्या काड्या, वाळू, लहान खडे आणि मोडलेल्या लाकडी टींचे, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्यांचे, तुकडे येतात. कार्यशाळेत नव्या कोऱ्या चेंडूंवर उत्तम चालणारे यंत्र मैदानावर पहिल्या आठवड्यात अडकते, ते या सोबत्यांमुळे.

यासाठी हॉपरच्या, म्हणजे चेंडू साठवण्याच्या मोठ्या भांड्याच्या, वरच्या तोंडाशीच तिरक्या सळयांची जाळी बसवणे मला अत्यावश्यक वाटते. सळयांमधले अंतर ३५ मि.मी. ठेवले की चेंडू त्यांच्यावरून घरंगळत हॉपरमध्ये जातो आणि बारीक कचरा मधून खाली पडतो. ही जाळी लावल्यावर जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या कोणत्याही एका सुधारणेने पडला नाही आणि तरीही बाजारातल्या अनेक यंत्रांत ती का नसते हे मला समजलेले नाही.

आता हॉपर. एक हजार चेंडूंचे वजन सुमारे ४६ किलो भरते. गोल वस्तू सैल ओतल्या की त्या जागेचा साधारण साठ टक्के भाग व्यापतात आणि उरलेली जागा फटींत जाते, त्यामुळे हजार चेंडूंना ६८ लिटर जागा लागते. दहा हजारांचा साठा करायचा असेल तर ४६० किलो वजन आणि ६८० लिटर घनफळ धरून सांगाडा उभारावा लागतो. हे वजन तळावर सरळ येत नाही. जर्मन अभियंता एच. ए. जान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या उंच कोठारांविषयी दाखवून दिले की दाण्यांचे वजन घर्षणाद्वारे भिंती उचलून धरतात आणि एका उंचीनंतर वर कितीही भर घातली तरी तळावरचा दाब जवळजवळ वाढत नाही. पाण्याच्या टाकीची सवय असलेल्या मनाला हे पटायला वेळ लागतो. ‘हॉपर पूर्ण भरला की वरच्या वजनाने चेंडू आपोआप खाली ढकलले जातील’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. वरचे चेंडू खालच्यांना ढकलत नाहीत, ते भिंतीला टेकून राहतात.

भिंतीला टेकून राहण्याची ही सवय पुढे जाऊन कमान बांधते. दगडी पुलाची कमान जशी स्वतःच्याच वजनाने घट्ट होते तसेच चेंडू हॉपरच्या खालच्या तोंडाशी एकमेकांना रेटून धरतात आणि खालचे सगळे निघून गेल्यावरही वरचा ढीग अधांतरी राहतो. गोल दाण्यांवरच्या प्रयोगांतून असे दिसले आहे की तोंडाची रुंदी दाण्याच्या व्यासाच्या सुमारे पाचपट झाली की कमान धरण्याची शक्यता नगण्य होते. आपल्या चेंडूसाठी हे माप २१५ मि.मी. येते. माझ्या पहिल्या नमुन्यात हे तोंड १४० मि.मी. होते आणि दर काही टोपल्यांमागे कमान धरत असे. मी त्यात ढवळणारा दांडा बसवला, तो चेंडूंच्या मध्ये अडकू लागला, मग दांड्यासाठी मोठी मोटर बसवली. एका चुकीच्या मापाची भरपाई दोन नव्या यंत्रणांनी करायला निघालो होतो हे कळल्यावर सगळे काढून टाकले आणि तोंड २५० मि.मी. केले. तेव्हापासून ढवळण्याची गरज उरली नाही.

नळ्यांच्या बाबतीत नेमके उलटे धोरण ठेवावे लागते. एकेक चेंडू जाण्यासाठीची नळी प्रशस्त असावी असे सहज वाटते, पण ७५ मि.मी. व्यासाच्या नळीत दोन चेंडू तिरके बसतात, एक डाव्या भिंतीला आणि दुसरा उजव्या भिंतीला टेकतो आणि वरून तिसरा आला की ते पाचरीसारखे घट्ट होतात. ५० मि.मी. आतल्या व्यासाच्या नळीत चेंडूला बाजूला सरकायला सात-आठ मि.मी. जागा मिळते, ती चिखलाचा थर सांभाळायला पुरते आणि दोन चेंडूंना शेजारी बसायला मुळीच पुरत नाही. थोडक्यात, चेंडूंचा जमाव जिथे आहे तिथे पाचपट जागा आणि रांग जिथे आहे तिथे अगदी नेमकी जागा द्यावी. मधल्या मापांपासून दूर राहावे.

यंत्राचा खरा जीव मात्र एकेक चेंडू वेगळा काढण्यात आहे आणि माझे सगळ्यात जास्त दिवस तिथेच गेले. पहिल्या नमुन्यात हॉपरच्या तळाशी आडवी चकती होती, तिच्यात गोल खाचा होत्या आणि चकती फिरली की खाचेत बसलेला चेंडू एका स्थिर पट्टीखालून जाऊन पलीकडच्या भोकातून पडत असे. अशी पुष्कळ यंत्रे वापरात आहेत. त्यांतला दोष पट्टीपाशी असतो. खाचेत एक चेंडू पूर्ण बसलेला असतो आणि त्याच्यावर दुसरा अर्धवट टेकलेला असतो. चकती पुढे सरकते, वरचा चेंडू पट्टीला आपटतो, खालचा त्याला मागून रेटतो आणि दोघे मिळून धातूच्या दोन कडांमध्ये आवळले जातात. खाचेची कड, चेंडू आणि पट्टी अशी ही पाचर तयार झाली की मोटर जितका जोर लावील तितकी ती घट्ट होते. २० न्यूटन-मीटर पिळाची गिअर मोटर ११५ मि.मी. त्रिज्येवर साधारण १७४ न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ १८ किलो वजनाइतका रेटा देते आणि पाचरीच्या उतारामुळे चेंडूवरचा प्रत्यक्ष दाब त्याच्या कित्येक पट होतो. माझ्या यंत्रातून चंद्रकोरीसारखे काप पडलेले चेंडू बाहेर येऊ लागले, तेव्हा मोटरचा जोर वाढवण्याचा मार्ग बंद आहे हे मान्य करावे लागले.

दुसऱ्या नमुन्यात पट्टीच्या जागी जाड रबर लावले. रबर वाकते आणि वरच्या चेंडूला निसटू देते, त्यामुळे अडकणे बरेच कमी झाले. पण रबर झिजते, थंडीत कडक होते, त्याच्याखाली गवत साचते, आणि मुख्य म्हणजे चेंडू तिथे अडकू नये ही जबाबदारी यंत्राच्या आकाराऐवजी एका झिजणाऱ्या तुकड्यावर येऊन पडते. मला हे समाधानकारक वाटेना. जी जागा चेंडूला चिमटते ती मऊ करण्यापेक्षा ती जागाच नसावी, असा विचार मनात पक्का होत गेला.

मार्ग सापडला तो पेरणीच्या यंत्रात. टोकण यंत्राच्या काही प्रकारांत बियाण्याच्या पेटीत तिरकी चकती फिरते. तिच्या खालच्या भागावर बियाण्याचा ढीग असतो, चकतीच्या खाचांत एकेक बी बसते आणि वर उचलले जाते, खाचेत नीट न बसलेले बी उतारावरून आपोआप परत ढिगात पडते. नाणी मोजून देणाऱ्या यंत्रांतही हीच कल्पना वापरलेली असते. इथे जादा दाण्याला अडवायला पट्टी नाही, कारण त्याला बाजूला करण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि त्याच्या मागे कोणतीही कठीण कड त्याला रेटत नसते. चेंडूला परत जायची वाट सदैव मोकळी राहते. माझ्या मते चेंडू देणाऱ्या यंत्राच्या विश्वासार्हतेचे मूळ या एका गोष्टीत आहे आणि पुढची सगळी मापे मी ती वाट कुठेही बंद होणार नाही हे पाहून ठरवली.

चकती आडव्या पातळीपासून ४५ अंश कलती ठेवली आहे. तिच्यात बारा आरपार गोल भोके आहेत, प्रत्येकाचा व्यास ४७ मि.मी. आणि दोन भोकांच्या मध्यांतले अंतर ६० मि.मी. आहे, त्यामुळे भोकांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे २३० मि.मी. येतो. चकतीच्या मागे स्थिर पत्रा आहे. चेंडू भोकात शिरून या पत्र्यावर टेकतो, चकतीबरोबर वर जातो आणि माथ्याशी पत्र्याला पाडलेल्या खिडकीतून मागे नळीत पडतो. चकतीची जाडी २५ मि.मी. ठेवण्यामागे कारण आहे. चेंडूची त्रिज्या २१.३ मि.मी. असते. चकती त्रिज्येपेक्षा पातळ असली तर भोकाची वरची कड चेंडूला त्याच्या मध्यरेषेखाली स्पर्श करते आणि पुढे नेण्याऐवजी त्याला वर उचलू लागते. जाडी त्रिज्येहून थोडी जास्त असली की भोकाची भिंत चेंडूला बरोबर मध्यरेषेवर रेटते आणि तो शांतपणे पुढे जातो. पहिल्या चकतीची जाडी मी १२ मि.मी. घेतली होती, तेव्हा चेंडू अर्ध्या वाटेवर भोकाबाहेर चढत आणि मला त्याचा अर्थ लागत नसे.

या रचनेत चिमटण्याची शक्यता एकाच ठिकाणी उरते आणि ती म्हणजे मागची खिडकी. चेंडू अर्धा खिडकीत उतरला असताना चकती पुढे सरकली तर भोकाची कड आणि खिडकीची कड यांच्यात तो कात्रीत सापडल्यासारखा सापडेल. म्हणून खिडकी फिरण्याच्या दिशेने लांब असायला हवी. किती लांब, हे गणिताने काढता येते. ४५ अंशांच्या उतारावर पत्र्याला लंब दिशेत गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग सुमारे ६.९ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळतो. चेंडूला आपल्या व्यासाएवढे, म्हणजे ४३ मि.मी., अंतर पार करायला त्या प्रवेगाने ०.११ सेकंद लागतात. चकती मिनिटाला १५ फेरे घेत असेल तर भोकांच्या वर्तुळावरचा वेग ०.१८ मीटर प्रति सेकंद येतो आणि तेवढ्या वेळात भोक २० मि.मी. पुढे जाते. भोकाचे ४७ आणि हे २० मिळून ६७ मि.मी. ही किमान लांबी झाली. ओला, चिकट चेंडू सावकाश निघतो हे लक्षात घेऊन मी ९० मि.मी. ठेवली आणि पुढच्या कडेला गोलाई देऊन तिथे स्प्रिंगवर मागे झुकणारी झडप बसवली, म्हणजे चुकून सापडलेल्या चेंडूलाही सुटायला जागा राहते.

वेग वाढवण्याचा मोह इथे टाळावा लागतो. पंधरा फेऱ्यांना मिनिटाला १८० भोके माथ्यावरून जातात, त्यांतली चार-पंचमांश भरलेली असली तर सेकंदाला साधारण २.४ चेंडू पडतात आणि पन्नासांची टोपली एकवीस सेकंदांत भरते. फेरे दुप्पट केले तर वेळ निम्मा होत नाही. भोके ढिगातून झपाट्याने जाऊ लागली की चेंडूला त्यांत बसायला उसंत मिळत नाही, रिकामी भोके वाढतात, आणि खिडकीची लांबीही वाढवावी लागते. उभ्या असलेल्या माणसाला वीस सेकंद जास्त वाटत नाहीत, अडकलेले यंत्र मात्र खूप वाटते.

आणखी एक काळजी अशी की मोठ्या हॉपरचा ढीग थेट चकतीवर येऊ देऊ नये. चकतीपुढे लहानशी परात आहे, तिच्यात पन्नास-साठ चेंडू मावतात आणि मोठ्या हॉपरचे २५० मि.मी.चे तोंड तिच्यात उघडते. परातीतला ढीग तोंडाच्या उंचीला पोहोचला की हॉपरमधून येणे आपोआप थांबते, चकतीने काही चेंडू उचलले की तेवढेच नवे येतात. झडप नाही, मोटर नाही, सेन्सर नाही. चकतीला नेहमी तेवढाच भार सोसावा लागतो, मग मागे दोनशे चेंडू असोत की दहा हजार.

मोजणीचे प्रकार तीन आहेत. वेळेवर मोजणे, म्हणजे मोटर ठरावीक सेकंद चालवणे, हे मी सरळ नाकारतो, कारण हॉपर संपत आला की खेळाडूला कमी चेंडू मिळतात आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. वजनावर मोजणे आकर्षक वाटते. पन्नास चेंडूंचे वजन सुमारे २.३ किलो होते, पण प्रत्येक चेंडूला एक ग्रॅम पाणी किंवा माती चिकटलेली असली तरी पन्नासांत एका चेंडूहून जास्त चूक होते आणि तरंगते चेंडू मिसळलेले असतील तर चूक त्याहून वाढते. उरते ती एकेक चेंडू मोजण्याची पद्धत. चेंडूत सहसा धातू नसल्याने धातू ओळखणारा सेन्सर निरुपयोगी, आणि वस्तू जवळ आल्याने बदलणारी विद्युत धारिता मोजणारा सेन्सर ओलाव्याने फसतो, म्हणून तोही नको. अवरक्त किरणाचा झोत नळीतून आरपार टाकायचा आणि चेंडूने तो तोडला की मोजायचे, हेच सर्वांत भरवशाचे. परावर्तित किरणावर चालणारा सेन्सर मात्र टाळावा, कारण पांढरा, पिवळा आणि चिखलाने माखलेला चेंडू प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात परतवतो. झोत ठरावीक वारंवारतेने चालू-बंद होणारा असावा, म्हणजे सूर्यप्रकाशाने तो झाकोळत नाही.

झोत कुठून न्यायचा हा प्रश्न मला फार आवडला. सहज हात जातो तो नळीच्या मध्यरेषेकडे. पण दोन चेंडू एकमेकांना चिकटून आले तर मध्यरेषेवर त्यांच्यामध्ये फट नसते आणि दोघे मिळून एक मोजले जातात. झोत मध्यापासून १५ मि.मी. बाजूला नेला की तिथे चेंडूची जाडी ३० मि.मी. भरते आणि चिकटलेल्या दोन चेंडूंमध्ये १२ मि.मी.ची फट दिसते. चेंडू नळीत एका बाजूला सरकलेला असला तरी ही फट ६.५ मि.मी.पेक्षा कमी होत नाही. खिडकीच्या थोडे खाली चेंडूचा वेग साधारण १.३ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे सर्वांत लहान फटही पाच मिलिसेकंद दिसते आणि साधा मायक्रोकंट्रोलर दर मिलिसेकंदाला सेन्सर पाहू शकतो. मी असे दोन झोत लावले, मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. चेंडू दोन्ही तोडतो. टीचा तुकडा किंवा गवताची काडी बहुधा एकच तोडते आणि ती मोजणीत येत नाही. झोत फार वेळ तुटलेला राहिला तर नळी तुंबली असे समजून मोटर थांबते.

काचेवर धूळ साचत जाते तसा झोत क्षीण होतो. तो पूर्ण बंद पडेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा यंत्राने चालू होताना रिकाम्या नळीतल्या झोताची तीव्रता मोजावी आणि ती नव्याच्या निम्म्यावर आली की काच पुसण्याची सूचना दाखवावी. एवढ्याशा सोयीने अनेक तक्रारी वाचतात.

पन्नासावा चेंडू मोजला गेल्यावर एकावन्नावा पडू नये, हाही बारीक प्रश्न आहे. दोन भोके ओळीने भरलेली असतील तर पुढचा चेंडू एक-तृतीयांश सेकंदात खिडकीशी येतो. सेन्सर नळीच्या खालच्या टोकाला असेल तर तोपर्यंत त्यातला बराच वेळ निघून गेलेला असतो. म्हणून सेन्सर खिडकीच्या जवळ बसवला आणि शेवटच्या दोन चेंडूंसाठी चकतीचा वेग निम्मा केला. एवढे करूनही संशय उरला तर यंत्राने चुकायचे ते एक चेंडू जास्त देण्याच्या बाजूने, हा नियम मी प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवला आहे. पैसे देऊन एकोणपन्नास चेंडू मिळालेल्या खेळाडूचा यंत्रावरचा विश्वास उडतो आणि तो सहजी परत येत नाही.

अडकणे पूर्णपणे थांबेल असे मी मानत नाही, म्हणून अडकल्यावर काय करायचे हे रचनेचाच भाग धरले. मोटरचा प्रवाह सतत मोजला जातो. तो नेहमीपेक्षा बराच वाढून ०.३ सेकंद तसाच राहिला तर मोटर थांबते, क्षणभर विसावते, मग चकती दोन भोकांएवढी उलट फिरते आणि पुन्हा पुढे जाते. तिरक्या चकतीचा इथे मोठा फायदा होतो, कारण उलट फिरताना चेंडू ढिगाकडेच जातो आणि तिथे त्याला अडवणारे काही नाही. तीन प्रयत्नांत सुटले नाही तर यंत्र थांबते, उरलेली संख्या दाखवते आणि सहायकाला बोलावते. चौथा, पाचवा, दहावा प्रयत्न करत राहिल्याने चेंडू कापला जातो आणि मोटर तापते. प्रवाहाची मर्यादाही मुद्दाम कमी ठेवली आहे. निरोगी यंत्राला थोडाच जोर पुरतो, आणि ज्या क्षणी जास्त लागतो त्या क्षणी काहीतरी बिघडले आहे हे मला कळायला हवे असते.

मध्येच वीज गेली तर किती चेंडू द्यायचे राहिले हे लक्षात राहिले पाहिजे. इथे मी एक चूक करता करता थांबलो. प्रत्येक चेंडूनंतर उरलेला आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या स्मृतीत, एकाच जागी लिहायचा असे ठरवले होते. अशा स्मृतीच्या एका जागी साधारण एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. पन्नासांच्या दोन हजार टोपल्यांत ती संपते आणि दिवसाला शंभर टोपल्या धरल्या तर वीस दिवसांत. त्याऐवजी अब्जावधी वेळा लिहिता येणारी एफ-रॅम ही तशीच टिकाऊ स्मृती वापरली आणि प्रश्न मिटला.

खाली पडणाऱ्या चेंडूकडे दुर्लक्ष करू नये. एक मीटरवरून पडलेला चेंडू ४.४ मीटर प्रति सेकंद वेगाने येतो आणि तो उसळण्यासाठीच बनवलेला असतो. कठीण तळावर आपटला तर त्याचा बराचसा वेग परत मिळतो आणि तो टोपलीबाहेर उडी मारतो. जमिनीवरचा चेंडू पायाखाली येऊन माणूस पडू शकतो. म्हणून नळीच्या शेवटी लांब वळण आणि त्यात लटकते रबरी पडदे ठेवले, आणि टोपली जागेवर नसेल तर यंत्र सुरूच होत नाही. पन्नास चेंडूंना ३.४ लिटर जागा लागते, टोपली किमान साडेचार लिटरची असावी. वळणाचा दुसरा उपयोग सुरक्षिततेचा आहे. चेंडू निघण्याच्या तोंडातून हात घालणारे कोणीतरी निघतेच आणि तिथून फिरत्या चकतीपर्यंत बोट पोहोचता कामा नये. यंत्रांच्या धोकादायक भागांपासूनच्या सुरक्षित अंतरांविषयीच्या आयएसओ १३८५७ या मानकात एवढ्या मापाच्या छिद्रासाठी प्रौढांच्या हिशेबाने ८५० मि.मी. अंतर सांगितले आहे. लहान मुले मैदानावर असतात म्हणून मी त्याहून जास्त ठेवले.

यंत्र विश्वासार्ह आहे हे कशावरून म्हणायचे, हा प्रश्न मला शेवटपर्यंत छळत राहिला. शंभर टोपल्या न अडकता निघाल्या की आनंद होतो, पण तो पुरावा फार तोकडा आहे. संख्याशास्त्रातला एक सोपा नियम असा की एखादी गोष्ट ओळीने ‘क्ष’ इतक्या प्रयत्नांत एकदाही बिघडली नाही, तर बिघाडाचे प्रमाण तीन भागिले ‘क्ष’ याहून जास्त नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. शंभर निर्दोष टोपल्यांवरून फक्त इतकेच सिद्ध होते की शंभरात तीनपेक्षा जास्त वेळा यंत्र अडकत नसावे आणि वर्दळीच्या मैदानावर हे प्रमाण असह्य आहे. हजार टोपल्यांत एकदाच अडकते असे म्हणायचे असेल तर तीन हजार टोपल्या, म्हणजे दीड लाख चेंडू, अखंड निघायला हवेत. आकडा ऐकून घाबरायला होते, परंतु पडलेले चेंडू पट्ट्यावरून परत हॉपरमध्ये नेणारी साधी फिरती मांडणी केली की सेकंदाला २.४ चेंडूंच्या वेगाने हे काम सुमारे साडेसतरा तासांत होते. हे सतरा तास स्वच्छ चेंडूंवर घालवणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. मी अर्धे चेंडू ओले केले, वाळू टाकली, कापलेले गवत टाकले, मोडलेल्या टी मोजून टाकल्या आणि प्रत्येक वेळी यंत्र थांबले की कारण वहीत लिहून मगच ते मोकळे केले. ती वही माझ्या आराखड्यांपेक्षा मोलाची ठरली. स्प्रिंगची झडप, चकतीची जाडी, दुसरा झोत, हे सगळे तिच्या पानांतून आले.

सध्या त्या वहीत एकाच प्रकारच्या नोंदी उरल्या आहेत. फुटलेल्या चेंडूच्या आवरणाचा अर्धा कवच कधीकधी भोकात सपाट बाजू पत्र्याकडे करून बसतो, खिडकीशी येऊनही पडत नाही, आणि ते भोक फेऱ्यामागून फेरे रिकामेच जाते. यंत्र अडकत नाही, फक्त थोडे संथ होते, म्हणून हे बरेच दिवस माझ्या लक्षातही आले नव्हते. आता खिडकीसमोर, चकतीच्या पुढच्या बाजूने, भोकात किंचित शिरणारे मऊ ब्रशचे चाक बसवून पाहतो आहे, ते अशा कवचाला मागे ढकलून नळीत पाडते. तो तुकडा नळीतून गेला की दोन्ही झोत तुटतात आणि यंत्र त्याला पूर्ण चेंडू समजते, तेव्हा झोत किती वेळ तुटला यावरून अर्धा आणि पूर्ण वेगळे ओळखता येतात का, याची मोजमापे या आठवड्यात घेत आहे.